पेटीची भाषा
न्हावाशेवा बंदरातून परदेशी निघालेल्या लाकडी पेटीबरोबर तिचा धनी जात नाही. वाटेतल्या हमालांची भाषाही निराळी. म्हणून पेटीवरील खुणांनाच बोलावे लागते. प्याला सांगतो, माल नाजूक आहे. छत्री सांगते, ओल लागू देऊ नका. दोन उभे बाण वरची बाजू दाखवितात. शेजारी माल घेणाऱ्याची खूण, उतरण्याचे बंदर, वजन आणि पेटीचा क्रमांक असतो. २००२ साली ठरलेल्या आंतरराष्ट्रीय नियमानुसार लोंबीचा शिक्का लाकडातील कीड मारल्याची ग्वाही देतो. त्यासाठी बहुधा लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटे तापवितात. हा शिक्का नसल्यास परका देश पेटी परत धाडू शकतो. जुनी पेटी वापरताना मागील प्रवासाच्या खुणा मात्र आधी पुसाव्यात. दोन ठिकाणचे पत्ते सांगणारी पेटी भलत्याच बंदरी उतरण्याचा संभव असतो.