यकृताचा कर्करोग : पाहण्याची विद्या आणि निवडण्याची

सियागंजातील एखादा जाणता व्यापारी शेंगदाण्याचे पोते कसे पारखतो, हे आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. पोत्यात खोलवर हात घालून तो मूठभर दाणे काढतो, तळहातावर पसरतो, सुरकुतलेले व काळवंडलेले वेगळे करतो आणि कुबट वास आला की मान हलवतो. या पारखीचा यकृताच्या कर्करोगाशी निकटचा संबंध आहे, असे मी म्हटले तर आपणांस नवल वाटेल. आज त्याविषयीच थोडे सांगावयाचे आहे.

यकृत हा मोठा सोशिक अवयव. त्याच्या अंतर्भागाला वेदना जाणवत नाही. बाहेरचे आवरण ताणले गेले म्हणजेच दुखू लागते. तोवर गाठ बहुधा मोठी झालेली असते. म्हणून येथे रुग्णाच्या तक्रारीची वाट पाहून भागत नाही. पोट न उघडता आत पाहावे लागते. ग्लासगोच्या इयान डोनल्ड यांनी १९५८ साली ध्वनिलहरींच्या साहाय्याने पोटातील गाठी ओळखण्याची रीत प्रसिद्ध केली. आजची सोनोग्राफी ती हीच. १९७१ मध्ये हाऊन्सफील्ड यांच्या यंत्राने एका रुग्णाच्या मेंदूचे आडवे छेद क्ष-किरणांनी दाखविले. पुढे त्याच सीटी स्कॅनने पोटही पाहता येऊ लागले.

परंतु दिसणे म्हणजे ओळखणे नव्हे. यकृताला रक्त दोन वाटांनी मिळते : सुमारे तीन चतुर्थांश आतड्यांकडून येणाऱ्या मोठ्या शिरेतून, उरलेले धमनीतून. कर्करोगाची गाठ मात्र मुख्यत्वे धमनीच्या रक्तावर पोसते. म्हणून हाताच्या शिरेत विशिष्ट द्रव्य टोचून लागोपाठ चित्रे घेतली, तर गाठ आधी उजळते आणि भोवतालचे यकृत उजळू लागताच ती फिकी पडते. सिरोसिस झालेल्या रुग्णांत बहुधा एवढ्या खुणेवरून, तुकडा न काढताही, निदान होते. अशा रुग्णांनी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करून घ्यावी, असे वैद्य सांगतात ते याचसाठी. लहान गाठीवर इलाज चालतो.

तथापि यंत्र दाखविते ते घडून गेलेले. ते घडते कशाने ? १९६० साली इंग्लंडात एक लाखाहून अधिक टर्की पक्षी दगावले. शोधाअंती दोष निघाला ब्राझीलहून आलेल्या, बुरशी लागलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीत. बुरशीच्या या विषाला अफ्लाटॉक्सिन हे नाव पडले. पुढे ते यकृताच्या कर्करोगाचे एक निश्चित कारण ठरले. हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत तुळपुळे, माधवन व गोपालन यांनी लहान माकडांना ते विष देऊन यकृतावरील परिणाम तपासले व १९६४ मध्ये प्रसिद्ध केले. दहाच वर्षांनी, १९७४ साली, आपल्या झाबुव्याला तेव्हा लागून असलेल्या बांसवाडा व पंचमहाल जिल्ह्यांत अवेळी पावसाने भिजलेला मका लोकांनी खाल्ला. ३९७ जणांना काविळीने गाठले. त्यांतील १०६ दगावले. कृष्णमाचारी, भट व त्यांच्या सहकाऱ्यांनी मूळ शोधले. ते त्या मक्यातील बुरशीत होते.

हे विष भाजल्याने पुरते नाहीसे होत नाही. त्यातच ‘बी’ प्रकारच्या काविळीचा विषाणू अंगी असेल, तर कर्करोगाचा धोका कैकपटीने वाढतो. त्या विषाणूचा माग लावणाऱ्या ब्लुम्बर्ग यांना १९७६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. त्याची लस आता आपल्या सरकारी लसीकरणात आहे. तिची पहिली मात्रा बाळाला जन्मापासून चोवीस तासांच्या आत मिळावयास हवी.

समाधानाची गोष्ट एवढीच की, हे विष पोत्यातील सर्व दाण्यांत सारखे नसते. थोड्याच किडक्या, बुरसटलेल्या दाण्यांत ते साठलेले असते. निवडणाऱ्या हाताचे मोल त्यामुळेच मोठे. खिचडीत घालावयाचे कूट आपण घरी करतो, तेव्हा निवडलेला दाणा आपल्याला दिसतो. तयार कुटात तो दिसत नाही.

आणि एक प्रश्न उरतो. मान हलवून बाजूला सारलेला तो माल जातो कोठे ? तो उकिरड्यावर गेला तर पारख पुरी झाली. स्वस्त म्हणून एखाद्या मजुराच्या ताटात गेला, तर आपण रोग हटविला नाही, केवळ त्याचा पत्ता बदलला. गरिबाचे यकृतही तितकेच मुके असते, आणि स्कॅनच्या खोलीपर्यंत तो बहुधा उशिरा पोहोचतो. सियागंजाच्या तराजूपाशी बसणाऱ्यांनी एवढा विचार करावा, ही विनंती.