बायबलचे कॉलेज आणि हमालांचा करार



चालकांनी आम्हांस बोलावले तेव्हा १९६९ च्या माथाडी कायद्यावर आम्ही बोलावे अशी त्यांची अपेक्षा होती. तो विषय आम्हांस पाठ आहे, आणि जे पाठ आहे ते पुन्हा म्हणून दाखविण्यात आपला वेळ घालवू नये असे वाटले. म्हणून आम्ही दुसराच विषय कळविला : बायबलचा आणि ख्रिस्ती सेवाकार्याचा कॉलेजात होणारा अभ्यास. तो वाचून एका स्नेह्याने विचारले, "काय भाऊ, बाप्तिस्मा घेतला की काय?" घेतलेला नाही. आमच्या घरी एकादशी आहे आणि पंढरीची वाट आहे. कॉलेजचे तोंड आम्ही पाहिले ते मोर्चा घेऊन गेलो तेव्हाच. आमचे जे काही शिक्षण झाले ते सातवीनंतर वखारीत पोत्यावर बसून झाले. तेव्हा आज जे सांगणार ते पंडिताचे नव्हे. एका अनाडी माणसाला एका पोराने काय शिकविले, त्याची ही हकीकत आहे.

सुमारे वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या संघटनेतला एक हमाल एका संध्याकाळी घरी आला. माणूस ख्रिस्ती, पाठीवर क्विंटलचे पोते घेऊन तीस वर्षे काढलेला. म्हणाला, "भाऊ, पोरगा बी. ए. झाला. आता नोकरी सोडून पुण्याला बायबल शिकायला जातो म्हणतो. तुमचं ऐकेल, त्याला समजवा." आम्ही गेलो. धर्म म्हणजे अफू, पोट आधी, देव मागाहून, असे आमच्या भात्यातले सगळे बाण सोडले. पोराने शांतपणे ऐकून घेतले आणि इतकेच विचारले, "काका, यातलं तुम्ही स्वतः काय वाचलंय?" खरे सांगायचे तर बायबल नव्हते वाचले, आणि अफूचे वाक्य ज्याचे, त्याचाही तो लेख आम्ही उघडला नव्हता. वाक्य ऐकीव होते. पोरगा पुण्याला गेला.

त्याच वर्षी आमच्याकडून एक चूक झाली. ती आजवर जाहीरपणे सांगितलेली नाही. एका बाजारातल्या हमालीचा करार होता. त्याच्या नवव्या कलमात हमालीच्या दरात दर वर्षी वाढ देण्याचे लिहिले होते. वाढ मिळाली, पण गाडी भरण्याच्या वाराईवर मिळाली नाही. आम्ही ते कलम सभेत वाचून दाखविले, टाळ्या झाल्या, काम बंद केले. अकरा दिवस माणसे घरी बसली. बाराव्या दिवशी समोरच्या वकिलाने तिसरे कलम काढले. तेथे या करारात 'हमाली' शब्दाचा अर्थ कोणता, ते दिले होते : गाडीतून पोते उतरवून वखारीत थप्पी लावणे, इतकेच. वाराई त्यात नव्हती. तिसऱ्या कलमाखाली आमचीच सही होती. अकरा दिवसांची मजुरी बुडाली, आणि ती ज्यांची बुडाली त्यांत त्या पोराचा बापही होता.

दिवाळीच्या सुट्टीत पोरगा घरी आला तेव्हा आम्ही होऊन तो करार त्याच्यापुढे ठेवला. त्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत दोनदा वाचला आणि म्हणाला, "काका, आम्हांला पहिल्या वर्षी हेच शिकवतात. वाक्य एकटं उचलायचं नाही. हे कोणी लिहिलं, कोणाला लिहिलं, कोणत्या प्रसंगी लिहिलं, याच्या आधी काय आहे, नंतर काय आहे, आणि हा शब्द याच लेखात आणखी कुठं, कोणत्या अर्थानं आलाय, हे विचारल्याशिवाय अर्थ सांगायचा नाही." मग हसून म्हणाला, "आमचं पुस्तकही करारच आहे की! जुना करार आणि नवा करार." त्या दिवसापासून या विषयाचा आम्हांस नाद लागला.

या कॉलेजांत शिकवितात तरी काय? बाहेरच्या माणसास वाटते, भजने आणि भाषणे. वस्तुस्थिती वेगळी आहे. प्रॉटेस्टंट मंडळींच्या बायबलात जुन्या कराराची ३९ आणि नव्या कराराची २७ पुस्तके. जुना करार मुख्यतः हिब्रू भाषेत, थोडा अरामी भाषेत. नवा करार ग्रीक भाषेत. विद्यार्थ्यास या भाषांशी तोंडओळख तरी करून घ्यावी लागते. शिवाय मंडळीचा दोन हजार वर्षांचा इतिहास, धर्मसिद्धांत, नीतिशास्त्र, इतर धर्मांचा अभ्यास, प्रवचन तयार करण्याची रीत, आणि आजारी, दुःखी, भांडणात सापडलेल्या कुटुंबांशी कसे वागावे याचे शिक्षण. पुस्तकी भाग झाला की प्रत्यक्ष काम असते : खेड्यातली मंडळी, दवाखाना, झोपडपट्टी.

ज्याला आपण सेवाकार्य म्हणतो त्यासाठी नव्या करारात 'दियाकोनिया' असा शब्द आहे. रोजच्या ग्रीक बोलण्यात तो पंगतीत वाढणाऱ्याच्या कामालाही वापरीत. 'पास्टर' हा लॅटिन शब्द. त्याचा अर्थ मेंढपाळ. म्हणजे एवढ्या पदव्या घेऊन शेवटी व्हायचे काय, तर वाढपी आणि धनगर. हे त्या पोराने सांगितले तेव्हा त्याच्या कॉलेजाविषयी आमच्या मनात पहिल्यांदा आदर उत्पन्न झाला.

या शिक्षणाची परंपरा आपल्या देशात कोणी घातली? बंगालात श्रीरामपूर येथे १८१८ साली कॅरी, मार्शमन आणि वॉर्ड या तिघांनी कॉलेज काढले. १८२७ साली डेन्मार्कच्या राजाने त्याला पदव्या देण्याची सनद दिली, आणि १९१८ साली त्यासाठी स्वतंत्र कायदा झाला. आजही देशातील अनेक धर्मविद्यालयांच्या पदव्या श्रीरामपूरच्या सेनेटकडून मिळतात. आणि हा विल्यम कॅरी कोण? इंग्लंडातील एका खेड्यातला जोडे शिवणारा कारागीर. जोडे शिवता शिवता त्याने लॅटिन, ग्रीक, हिब्रू शिकून घेतले. १७९३ साली तो येथे आला. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात तो बंगाली, संस्कृत आणि आपली मराठीही शिकवी. १८०५ साली त्याने मराठीचे व्याकरण छापले, १८१० साली मराठीचा कोश. या कामात पंडित वैजनाथ शर्मा यांचे त्यास मोठे साहाय्य झाले. एका चांभाराने आणि एका पंडिताने शेजारी बसून मराठीची सेवा करावी, हे चित्र आम्हांस फार मोलाचे वाटते.

आता आपल्या भागाकडे येऊ. वाशीमकरांना मिशन म्हटले की नाझरीन मंडळींचा दवाखाना आठवतो. एका अमेरिकन डॉक्टरबाईंनी तो १९३० च्या दशकात उभा केला, आणि आमच्या कित्येक हमालांची मोडलेली हाडे तेथे जुळली आहेत. पण कॉलेजाची गोष्ट शेजारच्या यवतमाळची. तेथे १९५३ साली 'युनियन बिब्लिकल सेमिनरी' स्थापन झाली. 'युनियन' हा शब्द प्रथम कानावर पडला तेव्हा आमचे कान टवकारले! चौकशी करता कळले की निरनिराळ्या मिशनांनी आणि मंडळ्यांनी आपापले सवतेसुभे बाजूस ठेवून एकत्र चालविलेली संस्था म्हणून ती 'युनियन'. तेव्हा आमचा अंदाज अगदीच चुकला असे नाही. मूर्तिजापूरहून कारंजा, दारव्हा करीत यवतमाळला जाणारी आपली शकुंतला गाडी आपणांस ठाऊक आहे. देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतील तरुण ग्रीक शिकावयास आपल्या वऱ्हाडात येत, ही गोष्ट आपल्यापैकी किती जणांना माहीत होती? १९८३ साली ती संस्था पुण्यास बिबवेवाडीला गेली. पुढे शकुंतलाही थांबली.

हे परके म्हणून सोडून द्यावे काय? आमच्या मते नाही. कारंज्याच्या जैन मंदिरांतील भांडारांत हस्तलिखिते जपली गेली, डॉ. हीरालाल जैन यांनी त्यांतील अपभ्रंश ग्रंथ संपादून छापले, तेव्हा भाषेच्या इतिहासाची हरवलेली पाने हाती आली. महानुभावांकडे तर सूत्र नुसते पाठ करून भागत नाही. ते कोणत्या प्रकरणी निघाले हे सांगणारे 'प्रकरणवश' त्यांनी जपले. म्हणजे त्या पोराने पुण्याहून जे आणले ते आपल्या मातीतही होते. आपण मात्र ते मठात ठेवले, बाजारात आणले नाही.

आणि मराठीला या अभ्यासाने काय दिले ते पाहा. फादर स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली छापले गेले. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्तिसदनात बसून हिब्रू व ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणले, आणि तेही खेड्यातल्या साध्या बाईला कळेल अशा मराठीत. त्याचे खिळे जुळविण्याचे आणि छपाईचे काम आश्रमातल्या स्त्रियांनी केले. रमाबाई १९२२ साली गेल्या. ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला. रेव्हरंड टिळकांना आपण कवी म्हणून ओळखतो. अहमदनगरला ते धर्मशिक्षणाचे अध्यापनही करीत. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुबोध बायबल' लिहिले आणि २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले. तेव्हा हा अभ्यास केवळ चर्चच्या भिंतीआड राहिलेला नाही.

आता आक्षेप. पहिला, ही कॉलेजे म्हणजे धर्मांतराचे कारखाने. मिशनचा हेतू धर्मप्रसाराचा होता हे कोणी लपविलेले नाही. तसे म्हणण्यात चूक नाही. परंतु आमच्या भागातील ज्या घरांनी ख्रिस्ती धर्म घेतला त्यांत पुष्कळ घरे गावकुसाबाहेरची होती. त्यांनी तो का घेतला, हा प्रश्न त्यांना विचारण्याआधी आपण गावाने स्वतःला विचारावा. आणि धर्म बदलला म्हणून जात सुटली असेही झाले नाही. १९५० च्या अनुसूचित जातींच्या आदेशात पुढे शीख आणि बौद्ध समाविष्ट झाले. ख्रिस्ती झालेल्या दलितास त्या सवलती आजही नाहीत. चर्चच्या आतही जातीचे बाक राहिलेच. यावर बोट ठेवले ते याच कॉलेजांत शिकलेल्या आणि शिकविणाऱ्या माणसांनी. १९८१ साली बंगलोरला अरविंद निर्मळ या मराठी माणसाने व्याख्यान देऊन दलितांच्या बाजूने धर्मशास्त्र मांडण्याची हाक दिली. ग्रंथ नीट वाचावयास शिकविले की माणूस शिकविणाऱ्यालाही प्रश्न विचारतो. हे कारखान्यात घडत नाही.

दुसरा आक्षेप आमचा स्वतःचाच होता : भुकेल्या माणसाला ग्रीक कशाला? त्याला त्या पोराने आमोसाचे उत्तर दिले. आमोस हा इसवी सनापूर्वी आठव्या शतकातला गुराखी. धान्याचे माप लहान करणाऱ्या आणि तराजूत लबाडी करणाऱ्या व्यापाऱ्यांवर तो असा तुटून पडला की आमच्या मापाऱ्यांच्या सभेत तो उतारा वाचला तेव्हा माणसे म्हणाली, "हा आपल्याच बाजारात बसलेला दिसतो!" पण त्याच सभेत पोराने सांगितले, "काका, टाळी पडली म्हणून अर्थ लागला असं नाही. तो कोणाला बोलला हे आधी पाहा. उपास-सण पाळणाऱ्या आपल्याच माणसांना बोलला." सभा गप्प झाली, कारण मापाऱ्यांतही काटा दाबणारे दोघे बसले होते.

तिसरा प्रश्न पोटाचा. खेड्यातल्या पाळकाचा पगार किती, हे आम्ही संघटनेच्या सवयीने विचारले. तो ऐकून आम्हीच खजील झालो. मंडळी गरीब, म्हणून पाळक गरीब. पौल तंबू शिवून पोट भरीत होता, हे खरे. पण त्याच्या नावावर आजच्या पाळकाला उपाशी ठेवणे बरे नव्हे. आणि तो दोष आमच्याही पदरात आहे. संघटनेच्या पूर्णवेळ कार्यकर्त्याला आम्ही काय देतो? पगार नाही आणि शिक्षणही नाही. चर्च निदान माणसाला तीनचार वर्षे बसवून शिकविते आणि मग खेड्यात पाठविते. आम्ही त्याच्या हाती झेंडा देतो आणि दुसऱ्या दिवशी शंभर घरांची चूल त्याच्या भरवशावर सोडतो. त्या अकरा दिवसांचे मूळ येथे आहे.

तो पोरगा आता पाळक आहे. बाप गेला, अखेरपर्यंत त्याची पूर्ण समजूत पटली असे आम्ही म्हणणार नाही. मात्र संघटनेचा कोणताही करार आला की म्हातारा म्हणे, "सही करायच्या आधी पोराला दाखवा." आम्ही दाखवीत असू.

गेली काही वर्षे दर गुरुवारी रात्री आमच्या कचेरीत वाचनवर्ग भरतो. कायदा, करार, पगारपत्रक, कधी ज्ञानेश्वरी, कधी बायबल. हाती येईल ते, पण पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. आपल्यापैकी शिक्षक, वकील, निवृत्त मंडळी येथे पुष्कळ आहेत. आपण यावे. चहाची सोय आहे, खुर्च्या कमी आहेत, पोती भरपूर आहेत.