गावची सुईण आणि सुरक्षित प्रसूती



मालवणच्या दक्षिणेस देवबागची भूमी म्हणजे एका बाजूस सागर आणि दुसऱ्या बाजूस कर्ली खाडी, अशी चिंचोळी पट्टी. रस्ते व वाहने दुर्मिळ होती त्या काळी पावसाळ्याच्या रात्री कळा सुरू झाल्या की कोणीतरी कंदील घेऊन सुईणीच्या घरी धावे. तिच्या हाताला धीर होता, माया होती. परंतु नाळ घरच्या विळ्याने कापली जाई, तिच्यावर राख लावली जाई, आणि आठवड्याभरात एखादे बाळ धनुर्वाताने जाई. दोष तिचा नव्हता. तिला कोणी शिकविलेच नव्हते.

पुढे शासनाने सुईणींना प्रशिक्षण दिले. स्वच्छ हात, स्वच्छ जागा, नवे पाते, स्वच्छ दोरा, आणि नाळेवर काहीही न लावणे, हा त्यातील मुख्य पाठ. बाळ पुसावयास व गुंडाळावयास धुतलेले, उन्हात वाळविलेले सुती कापड हवे. ते कोरे नसले तरी चालते. किंबहुना कोऱ्या कापडातील खळ पाणी टिपू देत नाही, जुन्या लुगड्याचे मऊ कापडच अधिक उपयोगी.

मात्र बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव स्वच्छ हातांनी थांबत नाही. अशी माता दोन तासांतही दगावू शकते. म्हणून सुईणीने कोणत्या क्षणी थांबावे व रुग्णालय गाठावे, हेच खरे शिक्षण. त्यामागे वाहन आणि डॉक्टर नसतील तर प्रशिक्षण कागदावर राहते, आणि अनेक ठिकाणी ते तसेच राहिले.

महाराष्ट्रात याचे उत्तर शोधले गेले. जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून निरक्षर स्त्रियांनाही आरोग्यसेविका म्हणून घडविले. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५ पासून ३९ गावांत अल्पशिक्षित स्त्रियांना नवजात बालकांच्या सेवेचे शिक्षण दिले. प्रसूतीच्या वेळी सुईण आईकडे पाही, आरोग्यदूत बाळाकडे. ती बाळाचे वजन करी, त्याला ऊब देई, श्वास अडला तर तो सुरू करी, जंतुसंसर्ग झाल्यास इंजेक्शनही देई. अल्पशिक्षित स्त्रीच्या हाती सुई देण्याचा निर्णय धाडसाचाच होता. परंतु तेथील नवजात मृत्यू हजारी ६२ वरून सुमारे २५ वर आले, आणि १९९९ साली ‘लॅन्सेट’ने ते जगापुढे मांडले.

२००५ नंतर जननी सुरक्षा योजना व आशा कार्यकर्त्या आल्या, आणि आज राज्यातील दहापैकी नऊहून अधिक प्रसूती रुग्णालयांत होतात. सुईण मागे पडली. तिचे बाळंतिणीच्या उशाशी बसणेही गेले, याची खंत वाटते. घरी परतलेल्या बाळाला पाहण्यास आशाताई ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी येते. मात्र पहिल्या बाळंतपणास लेक माहेरी आली की तिचे नाव सासरच्या गावी राहते, आणि भेटी चुकण्याचा संभव असतो. ती आली त्याच आठवड्यात माहेरच्या आशाताईला कळविले, तर त्या भेटी तिच्या दारी होतात.