आठवीनंतरची शाळा: मागणी कायद्याची करा

(पिंपळगाव रेणुकाई येथे तरुणांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



पिंपळगाव रेणुकाईची मिरची बाजारपेठ लांबवर माहीत आहे. पहाटे भरलेला माल दुपारपर्यंत गाडीत चढतो आणि परराज्यात पोहोचतो. मिरचीसाठी रस्ता आहे, गाडी आहे, व्यापारी आहे. पण आसपासच्या वाडीवस्तीवरची मुलगी आठवी पास झाली, की तिच्यासाठी काय आहे? जिथे नववीचा वर्ग जवळ नाही, तिथे एसटीची वेळ जुळत नाही, वडील 'राहू दे' म्हणतात आणि मुलगी मिरची तोडायला जाते. दोन वर्षांत तिच्या लग्नाची बोलणी सुरू होतात.

आठवीलाच का अडतं, हे समजून घ्या. २००२ मध्ये ८६वी घटनादुरुस्ती झाली आणि ६ ते १४ वयाच्या मुलांचं शिक्षण मूलभूत हक्क झालं. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम ६ प्रमाणे शेजारशाळा काढणं ही सरकारची आणि स्थानिक प्राधिकरणाची जबाबदारी आहे. आपल्या राज्याच्या नियमांत पाचवीपर्यंत १ किलोमीटर आणि आठवीपर्यंत ३ किलोमीटर अंतर ठरलं आहे. हा हक्क आठवीपाशी संपतो.

नववी-दहावीसाठी योजना आली. २००९ च्या माध्यमिक शिक्षा अभियानाने ५ किलोमीटरवर हायस्कूल हे उद्दिष्ट ठेवलं. २०१८ मध्ये ती योजना समग्र शिक्षामध्ये विलीन झाली. योजना निधीवर चालते, निधी आटला की थांबते. हक्क मात्र कोर्टात मागता येतो. उलट खासगी संस्थांसाठी २०१२ चा स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा आहे. तिथे परवानगी मिळते, अनुदान मिळत नाही, म्हणून फी पालकांच्या माथी येते.

काही मित्र म्हणतात, कलम ३० आहे, आपणच संस्था काढू. जरूर काढा, तो आपला हक्क आहे. पण मजुराच्या मुलीला फी नसलेली शाळा हवी. ती शाळा सरकारी असेल तर तिथे शेख, जाधव, गायकवाड, पवार सगळ्यांच्या लेकी एका बाकावर बसतील. ही मागणी आपण नागरिक म्हणून आणि सगळ्या गावाला सोबत घेऊन करायची.

१९१७ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण जाहीरनाम्याने आणलं. एका संस्थानाने शंभर वर्षांपूर्वी पहिली पायरी बांधली, तर आजच्या विधिमंडळाला पुढची पायरी जड का जावी?

आता काम. पहिलं, आठवी पास मुलामुलींची यादी करा: कोण शिकतंय, कोण थांबलंय, शाळा किती लांब, एसटी किती वाजता. दुसरं, नियमित ग्रामसभेआधी महिला सभा घेण्याची तरतूद आहे. तिथे आयांना बोलू द्या. मग ग्रामसभेत ठराव घ्या, की जिल्हा परिषद शाळेची दर्जावाढ करून नववी-दहावीचे वर्ग जोडावेत. ठरावाची प्रत जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागात द्या, पोच घ्या. तिसरं, आमदारांना भेटा आणि सांगा: हक्क दहावीपर्यंत वाढवणारं अशासकीय विधेयक मांडा. ते नामंजूर होऊ शकतं, पण सरकारला सभागृहात उत्तर द्यावं लागेल.

वर्ग जोडले तर एका गावाचं भलं होईल. कायदा झाला तर प्रत्येक वाडीला मागण्याचा हक्क मिळेल. दोन्ही कामं सोबत चालू द्या. यादी मात्र या आठवड्यातच सुरू करा, कारण यंदा आठवी पास झालेली मुलगी विधेयकाची वाट पाहू शकत नाही.