बदलणारे बहुमत आणि जन्माचे बहुमत : ब्रिटिश राज्यपद्धतीपासून घ्यावयाचा बोध

(संविधान दिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



तथागत भगवान बुद्ध आणि बोधिसत्त्व प. पू. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या स्मृतीस त्रिवार वंदन करून आम्ही विषयाकडे वळतो. संविधान दिनी ब्रिटिश राज्यपद्धतीची चर्चा कशाला, असे काहींना वाटेल. परंतु संसद, मंत्रिमंडळ, विरोधी पक्ष, एका मतदारसंघातून एक प्रतिनिधी ही चौकट आपण मुख्यतः तेथूनच घेतली आहे. बाबासाहेब १९१६ साली शिक्षणासाठी लंडनला गेले, पुढे ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले आणि १९३० ते १९३२ मधील तिन्ही गोलमेज परिषदांत त्यांनी ब्रिटिश मुत्सद्द्यांसमोर आपली बाजू मांडली. त्यामुळे या पद्धतीचे गुण त्यांना जसे ठाऊक होते, तशीच तिची मर्यादाही ठाऊक होती. ती मर्यादा कोणती, एवढेच आज आम्हाला सांगावयाचे आहे.

प्रथम तिचे स्वरूप पाहू. आपल्यासारखे एका ग्रंथात लिहिलेले संविधान ब्रिटनला नाही. काही कायदे, काही न्यायनिवाडे आणि पुष्कळसे संकेत यांवर राज्य चालते. ज्याच्यामागे कॉमन्स सभागृहाचे बहुमत, त्यालाच राजा पंतप्रधान नेमतो, हा असाच एक संकेत. २०२२ या एकाच वर्षात बोरिस जॉन्सन, लिझ ट्रस आणि ऋषी सुनक असे तीन पंतप्रधान झाले. सार्वत्रिक निवडणूक मात्र झाली नाही. पक्षाचा विश्वास गेला की पंतप्रधान जातो. संकेतालाही मर्यादा असतात. २०१९ साली जॉन्सन सरकारने संसदेचे कामकाज पाच आठवडे तहकूब करविले, तेव्हा तेथील सर्वोच्च न्यायालयाच्या अकराही न्यायाधीशांनी एकमताने ते बेकायदा ठरविले. मात्र संसदेने संमत केलेला कायदाच रद्द करण्याचा अधिकार त्या न्यायालयाला नाही. आपल्याकडे मूलभूत हक्कांविरुद्ध जाणारा कायदा न्यायालय रद्द करू शकते. हा भेद ध्यानात ठेवावा. पुढे तो उपयोगी पडेल.

या पद्धतीत घेण्यासारखे बरेच आहे. विरोधी पक्षनेत्याला १९३७ पासून सरकारी तिजोरीतून वेतन मिळते. सरकारवर टीका करणे हे देशकार्यच आहे, असे त्यामागचे तत्त्व. १९५२ साली पुण्यातील भाषणात बाबासाहेबांनी लोकशाही यशस्वी होण्याच्या ज्या अटी सांगितल्या, त्यांत विरोधी पक्षाचे अस्तित्व ही एक होती.

तथापि मताचा अधिकार तेथेही कोणी आपखुशीने दिला नाही. १८३२ पूर्वी ओल्ड सॅरम या ओसाड जागेचे दोन खासदार निवडून येत आणि मँचेस्टरसारख्या गजबजलेल्या शहराला स्वतःचा एकही नव्हता. कामगारांनी चळवळी केल्या, स्त्रियांनी तुरुंगवास सोसला. स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने मत मिळावयास १९२८ साल उजाडले. त्याच वर्षी सायमन कमिशनपुढे बाबासाहेबांनी भारतातील सर्व प्रौढ स्त्री-पुरुषांना मताधिकार मागितला होता. त्यांची दृष्टी किती पुढची होती, हे यावरून कळते.

आता मतमोजणीकडे येऊ. कॉमन्समध्ये ६५० जागा आहेत. मतदारसंघात ज्याला सर्वांत जास्त मते, तो विजयी. निम्मी मते मिळण्याची अट नाही. बँकेत आकड्यांतच दिवस जात असल्याने आम्हाला याचा हिशेब मांडावासा वाटतो. जुलै २०२४ च्या निवडणुकीत मजूर पक्षाला सुमारे ३४ टक्के मते पडली आणि जागा मिळाल्या ४११. रिफॉर्म पक्षाला १४ टक्के मते, जागा ५. लिबरल डेमोक्रॅट पक्षाला १२ टक्के मते, जागा ७२! ज्यांची मते ठरावीक भागांत एकवटली त्यांना फळ मिळाले. ज्यांची विखुरली त्यांची वाया गेली. विखुरलेल्या लहान समाजाचे अशा पद्धतीत काय होत असेल, याचा आपणच विचार करावा.

बाबासाहेबांनी हा प्रश्न १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात मुळापासून मांडला. त्यांच्या प्रतिपादनाचा आशय असा, की इंग्लंडमधील बहुमत हे राजकीय असते. ते मतांनी बनते आणि मतांनीच मोडते. आजचा अल्पमतवाला उद्या सत्तेवर येऊ शकतो. भारतातील बहुमत मात्र जातीचे, जमातीचे, म्हणजे जन्माने ठरलेले आहे. तेथे अल्पसंख्य तो कायमचाच अल्पसंख्य. म्हणून पंतप्रधान संपूर्ण सभागृहाने निवडावा आणि मंत्रिमंडळातील अल्पसंख्याकांचे प्रतिनिधी त्या त्या समाजाच्या सदस्यांनी निवडावेत, अशी योजना त्यांनी सुचविली. ती स्वीकारली गेली नाही.

परंतु बाबासाहेबांचे निदान किती अचूक होते, याचा पुरावा खुद्द ब्रिटिश राज्यात, उत्तर आयर्लंडमध्ये मिळाला. तेथे प्रोटेस्टंट बहुसंख्य, कॅथलिक अल्पसंख्य, बहुमत जन्माचेच. १९२१ पासून १९७२ पर्यंत तेथे एकाच पक्षाचे राज्य राहिले. १९२९ साली प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची पद्धत काढून टाकण्यात आली. डेरी शहरात कॅथलिकांची संख्या अधिक असूनही प्रभागांच्या सीमा अशा आखल्या होत्या, की सत्ता दुसऱ्याच बाजूकडे राही. १९६८ साली नागरी हक्कांसाठी मोर्चे निघाले. पुढे हिंसाचार भडकला आणि तीस वर्षांत सुमारे साडेतीन हजार माणसे मेली. अखेर १९९८ च्या करारात दोन्ही समाजांनी मिळून सरकार चालवावे, असे ठरले. ते सरकार अनेकदा बंद पडले, पुन्हा सुरू झाले. पण नुसत्या बहुमताने तेथे भागत नाही, हे ब्रिटिशांना मान्य करावे लागले.

आता आपल्या जिव्हाळ्याची गोष्ट. भारतीय माणूस परदेशी गेला, तेव्हा जातही सोबत घेऊन गेला. ब्रिटनच्या २०१० च्या समता कायद्यात अशी तरतूद झाली, की मंत्री इच्छेस आल्यास जातीचा समावेश वंशभेदाच्या व्याख्येत 'करू शकतील'. तेथील आंबेडकरी आणि रविदासी संघटनांनी निवेदने दिली, निदर्शने केली. काही हिंदू संघटनांचा विरोध होता. २०१३ मध्ये लॉर्ड्स सभागृहाने जातीचा समावेश थेट कायद्यात करणारी दुरुस्ती सुचविली. लोकांनी निवडलेल्या कॉमन्सने ती फेटाळली. न निवडलेल्या लॉर्ड्सने पुन्हा आग्रह धरला. शेवटी सरकार नमले आणि कायद्यात 'करू शकतील' ऐवजी 'केलेच पाहिजे' असे झाले. एका क्रियापदासाठी एवढी झुंज! आणि तरीही २०१८ साली सरकारने जाहीर केले, की अंमलबजावणी करणार नाही, ते कलमच यथावकाश काढून टाकू. आधारासाठी बोट दाखविले ते २०१४ च्या एका न्यायनिवाड्याकडे. भारतातून नेलेल्या एका घरकामगार महिलेच्या त्या खटल्यात, काही प्रकरणांत जात ही वांशिक मुळाच्या व्याख्येत येऊ शकते, असे म्हटले होते. त्या भगिनीला पुढे थकीत वेतनापोटी सुमारे १ लाख ८४ हजार पौंड मिळाले. म्हणजे न्याय मिळू शकतो. परंतु तो प्रत्येकाने एकेकट्याने कोर्टात जाऊन मिळवावयाचा.

मित्रांनो, हा प्रसंग आम्ही ब्रिटनला नावे ठेवण्यासाठी सांगितला नाही. संसदेने दिलेले संसद काढून घेऊ शकते, आणि विखुरलेल्या समाजाची मते कोणाची खुर्ची हलवीत नाहीत, तेव्हा कायद्यातला 'केलेच पाहिजे' सुद्धा कागदावर राहतो. म्हणूनच बाबासाहेबांनी अस्पृश्यतेचे उच्चाटन सत्ताधाऱ्यांच्या सदिच्छेवर सोडले नाही. कलम १७ मध्ये, मूलभूत हक्कांत, ते लिहून ठेवले. त्याचबरोबर २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी इशाराही दिला, की संविधान कितीही चांगले असले तरी ते राबविणारे वाईट निघाले तर ते वाईटच ठरेल.

तेव्हा आपण काय करावे? संविधान घराघरांत वाचले जावे. मतदारयादीत आपले नाव आहे की नाही हे निवडणुकीच्या आदल्या दिवशी नव्हे, आजच पाहावे. ज्यांची मुले-मुली ब्रिटनमध्ये कायदेशीररीत्या राहत आहेत, त्यांनी त्यांना एक गोष्ट आवर्जून कळवावी. राष्ट्रकुलातील नागरिक म्हणून, भारतीय पासपोर्ट असतानाही, त्यांना तेथील संसदेच्या निवडणुकीत मत देता येते. त्यासाठी नोंदणी करावी लागते. आणि मत देऊन घरी बसू नये. त्या एका कलमासाठी तेथील आपल्या बांधवांनी चिकाटी दाखविली, तशी चिकाटी येथील प्रत्येक हक्काच्या अंमलबजावणीसाठी संघटितपणे दाखवावी. कायद्यातला शब्द मिळविणे ही अर्धी लढाई आहे. उरलेली अर्धी आपल्याकडे सोपविलेली आहे.



नमो बुद्धाय! जय भीम! जय भारत!