लेकरांसाठी बांधलेल्या खोल्या

आज आम्ही खोलीभाड्याबद्दल बोलणार आहोत. नागापूर, नवनागापूर, बोल्हेगाव या पट्ट्यात एमआयडीसीमुळे खोलीला कायम मागणी असते. कुणी पाथर्डीहून येतं, कुणी आष्टीहून, कुणी थेट बिहारहून. त्यामुळे आपल्यापैकी बऱ्याच जणींनी घराला लागून दोन-तीन खोल्या काढल्या आहेत. कशासाठी काढल्या असं विचारलं, तर उत्तर ठरलेलं असतं, "पोरांच्या शिक्षणाला होतील."

मग एक दिवस दारात नवरा-बायको येतात. एक लेकरू कडेवर, एक बोटाला धरलेलं. लेकरं बघून आपण म्हणतो, "नाही बाई, खोली कालच दिली." खोली तर रिकामीच असते. आपल्या लेकरांसाठी बांधलेली खोली आपण लेकरं आहेत म्हणूनच नाकारतो. अमेरिकेत 1988 च्या कायदादुरुस्तीमुळे असं नाकारणं बहुतेक घरांच्या बाबतीत बेकायदा आहे. आपल्याकडे ते मालकिणीच्या मनावर असतं. म्हणून मनाशी नीट हिशेब करायला हवा.

लेकरं भिंती रंगवतात, दंगा करतात, धुण्याला पाणी जास्त लागतं. हे खरंच आहे. पण दुसरी बाजूही बघू. एकटा कामगार काम सुटलं की पिशवी उचलून निघतो. शाळेत जाणारी लेकरं असलेलं कुटुंब सहसा वर्षाच्या मध्येच उठत नाही. समजा भाडं 3,000 रुपये आहे. खोली वर्षात दोन महिने रिकामी पडली तर 6,000 रुपये बुडाले. त्याऐवजी कुटुंब टिकलं आणि भिंतीच्या रंगाला 2,000 रुपये गेले, तरी 4,000 रुपये आपल्याच हातात राहतात.

बाकीच्या गोष्टी आधीच बोलून घ्याव्यात. लाईटला वेगळा सबमीटर, पाण्याची वेळ, डिपॉझिट किती आणि त्यातून काय कापणार, हे सगळं आधीच सांगावं. खोली देण्याआधी जागाही बघावी. हौदाला झाकण आहे का, जिन्याला आणि गच्चीला कठडा आहे का, वायर उघडी तर नाही ना? हा खर्च वाया जात नाही. आपली नातवंडंही त्याच जिन्याने चढतात.

आता कागदाचं. नुसता स्टॅम्पपेपरवर लिहिलेला करार पुरत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणी केलेला हवा, अकरा महिन्यांचा असला तरी. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. ती केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही होऊ शकतं. शिवाय भांडण झालं तर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते खरं धरलं जातं, आपण वेगळं सिद्ध करेपर्यंत. नोंदलेला करार भाडेकरणीलाही पत्त्याचा पुरावा म्हणून उपयोगी पडतो.

करार शक्यतो जूनपासून करावा. अकरा महिने एप्रिलअखेर संपतात, तोवर परीक्षा बहुधा आटोपत आलेल्या असतात. खोली बदलायचीच झाली तर लेकराचं वर्ष वाया जात नाही, आणि आपल्यालाही सुट्टीत नवं कुटुंब मिळतं. भाडं थकलं म्हणून लाईट-पाणी तोडू नये. कलम 29 प्रमाणे योग्य कारणाशिवाय ते तोडता येत नाही, आणि त्याचा पहिला त्रास घरातल्या लहानग्याला होतो. थकबाकीसाठी आधी लेखी नोटीस द्यावी.

शेवटी आपल्या लेकरांचं. काही जणी हौसेने खोली लहान मुलाच्या नावावर करायचं म्हणतात. 1956 च्या हिंदू अज्ञान व पालकत्व कायद्याप्रमाणे, अठरा वर्षांच्या आतल्या मुलाच्या नावावरची जागा आई-वडिलांनाही कोर्टाच्या परवानगीशिवाय विकता किंवा गहाण ठेवता येत नाही. पाच वर्षांहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्यालाही ती परवानगी लागते. उद्या दवाखान्यासाठी पैसे लागले तर अडचण होते. म्हणून नाव लावण्याआधी वकिलाला विचारावं. आणि जागा वडिलोपार्जित असेल तर मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. 2005 साली कायद्यात तशी दुरुस्ती झाली आहे. भाड्याच्या पैशातून मुलाची फी भरताना मुलीची फीही त्यातूनच भरली पाहिजे.

येत्या बैठकीत प्रत्येकीने दोन गोष्टी सांगाव्यात. गेल्या वर्षी आपली खोली किती महिने रिकामी राहिली, आणि त्या काळात लेकरं असलेली किती कुटुंबं दारातून परत गेली. दोन्ही आकडे वहीत शेजारी-शेजारी लिहू, मग पुढचं एकत्र बसून ठरवू.