मुलांचे डोळे : तपासणीपूर्वी

"मुलगा फळ्यावरचे चुकीचे उतरवून घेतो," ही तक्रार घेऊन आईबाप आधी मास्तरांकडे जातात. आम्हा डॉक्टरांकडे येतात ते वर्षा-दोन वर्षांनी. मूल स्वतः तक्रार करीत नाही. जग असेच अंधुक असते, अशी त्याची समजूत! त्यातून एकच डोळा अधू असला तर दुसरा सारे निभावून नेतो, आणि मेंदू अधू डोळ्याचे चित्र हळूहळू नाकारू लागतो. असा डोळा सातव्या वर्षाच्या आत चष्म्याने, चांगल्या डोळ्यावर पट्टी लावून, सुधारण्याचा संभव पुष्कळ. पुढे तो कमी होत जातो. म्हणून शाळेत घालण्यापूर्वीच या.

अक्षरओळख नाही, ही सबब चालायची नाही. आमच्या तक्त्यावर तीन दातांच्या फणीसारखी खूण असते. दात कोणीकडे, ते मुलाने हाताने दाखवायचे. कागदाची फणी कापून, एक डोळा तळव्याने झाकून, हा खेळ घरी दोन दिवस खेळा.

बाहुली मोठी करणारे औषध चुरचुरते. "काही होत नाही" असे खोटे सांगू नका; पुढच्या खेपेस मूल डोळा उघडू देत नाही. औषधानंतर ऊन सोसत नाही, जवळचे वाचवत नाही. ॲट्रोपीन घातले तर हे आठवडाभर, कधी अधिकही टिकते. तेव्हा परीक्षेचे दिवस टाळा, टोपी आणा.

मुलीला चष्मा लागला तर लग्नाचे कसे, हे पाच वर्षांच्या मुलीबद्दलही आम्हाला विचारतात! त्याऐवजी घरात कोणाला लहानपणी चष्मा वा तिरळेपणा होता, हे विचारून या. आमचा पहिला प्रश्न तोच असतो.